मी अतिशय भित्री आहे. थीम पार्कमधल्या हॅलोविनच्या हॉन्टेड हाउसला जाऊ का? आत नेमकं काय होतं?

जा. नक्की जा, फक्त शुक्रवार-शनिवार टाळा.

तुम्ही लिहिलंय की घरात एकट्या असलात की दिवा लावून झोपता, टीव्हीवर भुताचं काही लागलं की उठून आत जाता, आणि आता ऑक्टोबरमध्ये ऑर्लँडोला बहिणीकडे येताय तर कॉलेजातल्या भाच्यांनी युनिव्हर्सल थीम पार्कच्या 'हॅलोविन हॉरर नाइट्स'ला, म्हणजे तिथल्या रात्रीच्या भुताटकीच्या सोहळ्याला, न्यायचा घाट घातलाय. मी ऑर्लँडोजवळच राहतो, दर मोसमात जातो, आणि आमच्या गोतावळ्यात टरकणाऱ्या पाहुण्यांना सोबत करायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. मला ते मनापासून आवडतं. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

नवीन माणसाला वाटतं की गाडीत बसवून भुतांमधून फिरवून आणतील. तसं नसतं. इथे पायी चालायचं असतं. युनिव्हर्सलमध्ये अलीकडे दरवर्षी दहा घरं उभी करतात, बहुतेक शूटिंगच्या स्टुडिओंमध्ये आणि मोठ्या तंबूंमध्ये. प्रत्येक घराची गोष्ट वेगळी, सजावट वेगळी, आणि दरवर्षी सगळं नवं. रांगेत तासभर उभं राहायचं आणि आत चार-पाच मिनिटांत बाहेर, असा हिशोब असतो. घरांशिवाय पार्कच्या रस्त्यांवर पाच ठिकाणी 'स्केअर झोन' असतात. तिथे धुरातून कलाकार मोकळे फिरत असतात. दिवसाचं तिकीट यासाठी चालत नाही, रात्रीचं वेगळं काढावं लागतं.

आत काय होतं? अरुंद बोळ, अंधार, वळणामागे वळण. मिचमिचणारे स्ट्रोब दिवे, धूर, मोठं संगीत, घरोघरी निराळा वास. कुठे जळक्या लाकडाचा, कुठे कुजकट, कुठे चक्क गोड. आणि दर काही पावलांवर भिंतीत एक कोनाडा, ज्याला या धंद्यात 'बू-होल' म्हणतात. त्यात कलाकार दबा धरून असतो. पडदा सरकतो, किंवा भिंतीवरची तसबीर खाडकन खाली पडते, आवाजाचा धमाका होतो आणि एक चेहरा तुमच्यापासून हातभर अंतरावर येतो. पुढच्या क्षणी तो परत आत. हात मात्र लावत नाहीत. तुम्हीही त्यांना लावायचा नाही.

एकदा आमची रांग नेमकी अशा कोनाड्यासमोर अडकली आणि फटीतून आतलं दिसलं. उभं राहता येईल एवढीच जागा. काळ्या कापडाने मढवलेली. एक मुलगी पूर्ण रंगवलेल्या चेहऱ्याने पाठ भिंतीला टेकवून उभी होती, डोळे रांगेवर, एक पाय जमिनीवरच्या बटणावर. ते बटण दाबलं की आवाज आणि प्रकाश एकदम सुटतात. ती माणसं मोजत होती असं मला वाटलं. दोघांना सोडलं, तिसऱ्याला सोडलं, आणि चौथा माणूस वळून बायकोशी बोलायला गेला त्याच क्षणी पाय दाबून ती बाहेर झेपावली. तबलजीने समेवर यावं तशी. माणूस बोलता बोलता दोन हात मागे. ती आत परतली, खांदे मोकळे केले, मान एकदा फिरवली आणि पुन्हा पाय बटणावर. हे रात्रभर, शेकडो वेळा. दमछाक होते म्हणून कलाकारांचे दोन संच आळीपाळीने काम करतात. तेव्हापासून मी घरात शिरलो की भुताआधी त्या कोनाड्यांकडे बघतो, आणि तुम्हीही तसंच बघावं असं मला फार वाटतं.

कारण हे सगळं रचलेलं असतं, आणि त्या रचनेचे काही नियम आहेत. पहिला नियम: तुमचं लक्ष एकीकडे खेचायचं आणि दुसरीकडून घाबरवायचं. डाव्या हाताला उजेडात काहीतरी भयंकर मांडून ठेवलेलं दिसलं, तर उजवीकडच्या अंधाऱ्या भिंतीवर नजर ठेवा. दुसरा: माणसांना पुढे पळवायचं, मागे नाही. रांग थांबली तर सगळंच अडतं, म्हणून बरेचसे झटके बाजूने किंवा मागून येतात. तिसरं तुमच्या विशेष कामाचं. गर्दीच्या दिवशी माणसं एकामागोमाग अखंड सोडतात, त्यामुळे पुढच्या चार-पाच जणांचं काय झालं ते तुम्हाला आधीच दिसतं. ते जिथे उडाले तिथे काहीतरी आहे, एवढं कळलं की पुरतं. दर्दी लोक यावर नाराज असतात, त्यांची मजा जाते. तुमच्यासाठी तर ही सोयच आहे. भाच्यांच्या मधोमध चाला, अगदी पुढे नको, अगदी शेवटीही नको.

तरीही दचकाल. सगळं माहीत असून मीही दचकतो. अचानक मोठा आवाज झाला की डोळे मिटणं, मान आत खेचली जाणं हे विचार करण्याच्या आधीच घडून जातं, ते कुणाच्या हातात नसतं. पण दचकणं वेगळं आणि भीती मनात घेऊन बसणं वेगळं. तुम्हाला घरी जो त्रास होतो तो दुसऱ्या प्रकारचा आहे: एकटेपणात, शांततेत, काय असेल या विचाराने येणारा. इथे चारही बाजूंना माणसं किंचाळत आणि लगेच हसत असतात, आणि काय आहे ते दुसऱ्याच क्षणी समोर येतं. घरी भुताच्या नुसत्या नावाने गळपटणारी माणसं या घरांतून लालबुंद होऊन, हसत बाहेर पडताना मी पाहिली आहेत.

यावर अभ्यासही झालाय. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या एका हॉन्टेड हाउसमध्ये ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून आत पाठवलं. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांना भीती फार कमी वाटली त्यांना मजा कमी आली, ज्यांना फार जास्त वाटली त्यांनाही कमी, आणि मधल्यांना सर्वांत जास्त. त्याआधीच्या त्यांच्याच एका अभ्यासात काही पाहुणे भीती वाढवून घेत होते, काही स्वतःला सावरत, भीती दाबत चालले होते, आणि शेवटी दोघांचं समाधान जवळपास सारखंच निघालं. म्हणजे डोळे किलकिले करून, भाच्याचा दंड धरून गेलात तरी तुमचे पैसे वाया जात नाहीत. हवी तेवढी भीती घ्यायची, नको तेवढी गाळायची, याचा हक्क तुमचा आहे. सगळ्यात जास्त काम आवाज करतो, म्हणून कानात फोमचे बोळे घालून बघा. निम्मा जोर तिथेच उतरतो.

सुरक्षिततेचंही सांगतो, ते महत्त्वाचं आहे. ११ मे १९८४ ला न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर पार्कमधल्या 'हॉन्टेड कॅसल'ला आग लागली आणि आठ कोवळी मुलं गेली. ट्रकचे ट्रेलर जोडून केलेलं ते घर होतं, आत आग विझवणारे पाण्याचे फवारे नव्हते. अंधारात वाट दिसावी म्हणून कुणीतरी लायटर पेटवला आणि भिंतीवरच्या फोमने पेट घेतला. त्यानंतर अमेरिकेत अशा जागांसाठी अग्निशमनाचे नियम कडक झाले, धूर ओळखणारी यंत्रं आणि फवारे बंधनकारक झाले. आज कितीही भयाण घर असलं तरी बाहेर पडण्याच्या दारावरची पाटी उजळलेली असते. कुणाला वाटतं त्याने वातावरण बिघडतं. मला ती पाटी दिसली की बरं वाटतं, त्या आठ मुलांची आठवण येते म्हणूनही. आत साध्या काळ्या कपड्यांत टॉर्च घेतलेले कर्मचारीही उभे असतात. सहन होईना झालं तर त्यांच्यापैकी कुणालाही सांगा, ते बाजूच्या दाराने बाहेर काढतात. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

अपस्मार असेल तर स्ट्रोब दिव्यांमुळे घरं पूर्ण टाळा. हृदयविकार, गरोदरपण, दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. १३ वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं पार्कच सांगतं, आणि ते योग्यच आहे. बाबागाडीतली पोरं रडताना दिसतात तेव्हा मला आईबापांचा राग येतो. मुखवटे आणि वेशभूषा करून येऊ देत नाहीत. घरांत फोन खिशातच ठेवायचा.

आता वेळेचं. ऑगस्टच्या शेवटापासून किंवा सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ठरावीक रात्री हा सोहळा चालतो, आणि ३१ ऑक्टोबर जवळ येईल तशी गर्दी वाढते. बुधवार-गुरुवार बरे. साधारण संध्याकाळी ५ ला दिवसाचं पार्क बंद होतं आणि ६:३० ला रात्रीचं सुरू होतं. दिवसाचंही तिकीट असेल तर बाहेर पडू नका, आतच ठरवून दिलेल्या जागी थांबा. थांबलेल्यांना काही घरं लवकर उघडून देतात, आणि पहिल्या तासाभरात दोन-तीन घरं सहज होतात. शिवाय तेव्हा बाहेर अजून उजेड असतो, ही तुमच्यासाठी मोठी गोष्ट. घरातून निघून लख्ख संध्याकाळी बाहेर आलं की जीव भांड्यात पडतो. शनिवारी एकेका घराला दोन तासांची रांग लागते, आणि थकलेलं, भुकेलेलं शरीर जास्त घाबरतं. रांग टाळायचा एक्स्प्रेस पास मिळतो, पण त्याची किंमत बऱ्याचदा तिकिटापेक्षाही जास्त असते. गुरुवारी लवकर गेलात तर तो घेऊ नका असं माझं मत.

पहिल्याच घरात शिरण्याआधी एखाद्या स्केअर झोनमधून दोनदा चालून या. तिथे आभाळ वर असतं, कलाकार लांबून येताना दिसतात, अंगाला सवय होते. कुणी यांत्रिक करवत घेऊन मागे लागलं तर तिची साखळी काढलेली असते, नुसतं इंजिन घरघरतं. पळालात तर तो आणखी मागे येईल. थांबून त्याच्या डोळ्यांत बघितलंत की तो दुसरं गिऱ्हाईक शोधतो.

आणि भाच्यांना दोन गोष्टी आधीच बजावून ठेवा. घरात मागून ढकलायचं नाही. आणि रस्त्यावर 'मावशी, मावशी' म्हणून मोठ्याने हाका मारायच्या नाहीत, कारण या कलाकारांचे कान फार तिखट असतात. शब्दाचा अर्थ न कळता ते तो उचलतात, आणि पुढच्या कोपऱ्यावर धुरातून कुणीतरी खर्जात 'मावशी' म्हणून हाक मारतं. माझ्यासोबतच्या एका काकूंची खरी बोबडी तिथेच वळली होती.

या वर्षीची घरं जाहीर झाली की इथेच खाली विचारा, कुठल्या घरापासून सुरुवात करायची ते सांगतो.