सरचिटणीस: 'सर' कोणता, 'नीस' कुठला?

एका वाचकाचा प्रश्न आहे: चीनच्या शी जिनपिंग यांच्या नावाआधी बातम्यांत कधी 'राष्ट्राध्यक्ष' असते, कधी (कम्युनिस्ट पक्षाचे) 'सरचिटणीस'. चिटणीस म्हणजे पत्रे लिहिणारा, मग हे पद दुय्यम नाही का? त्यापेक्षा 'महासचिव' भारदस्त वाटत नाही का?

नाही वाटत. आणि बातम्या देणाऱ्यांनी 'सर' म्हणून थांबायचे आणि मग 'चिटणीस' म्हणायचे, हे आधी थांबवावे. हा शाळेतला सर नव्हे. सरनोबत, सरलष्कर, सरसुभेदार यांतला हा फारसी 'सर', म्हणजे डोके. संस्कृत 'शिरस्' त्याचा सख्खा भाऊ.

खरी गंमत 'नीस'मध्ये आहे. फडणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस, सगळीकडे तोच फारसी 'नवीस', लिहिणारा. त्याच्या मुळाशी 'नि' उपसर्ग आणि 'पिश्' धातू. संस्कृतात पिश् म्हणजे कोरणे, घडवणे, सजवणे. 'पेशल', म्हणजे सुंदर, त्यातूनच आला. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर प्राचीन सम्राट दारियस 'मी लिहिलेला हा लेख' म्हणतो, तेव्हा क्रियापद हेच वापरतो, कारण लिहिणे म्हणजे दगडात कोरणेच होते. आणि याच धातूपासून रशियनमध्ये 'पिसात्' झाले, म्हणजे लिहिणे. 'पिसार' म्हणजे लेखनिक. आपला नीस आणि रशियाचा पिसार एकाच घरचे!

लेखनिक दुय्यम म्हणणाऱ्यांनी रशियाच पाहावा. ३ एप्रिल १९२२ रोजी स्तालिन कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला. काम कागदपत्रांचे आणि नेमणुकांचे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आजारी लेनिनने लिहून घेतले, की या पदावर येऊन त्याने अमर्याद सत्ता हातात एकवटली आहे. सरकारचा प्रमुख तो झाला थेट मे १९४१ मध्ये. त्याच्या लगेच आधी त्या खुर्चीवर मोलोतोव होता, आणि देश कोण चालवतो हे सगळ्यांना ठाऊक होते.

चिटणीसाला चिनी शब्द 'शूजी'. शू म्हणजे लिहिणे, जी म्हणजे नोंदणे. जपानी लोक तीच अक्षरे 'शोकी' अशी वाचतात आणि सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्यालाही तेच म्हणतात. जिनपिंग यांची कारकीर्द म्हणजे या एका शब्दाची शिडी: १९८३ मध्ये झेंगडिंग तालुक्याचे पक्ष-शूजी, १९८८ मध्ये निंगदेचे, १९९० मध्ये फूजौ शहराचे, २००२ मध्ये झेजियांग प्रांताचे, २००७ मध्ये शांघायचे. मध्ये ते फुजियानचे गव्हर्नर होते, पण प्रांतात गव्हर्नरच्या वर शूजीच असतो.

आता 'महासचिव'वाले. हिंदीतून आलेला हा शब्द शुद्ध म्हणून ते शिवकाळाचा दाखला देतात. तो दाखला त्यांनी नीट वाचलेला नाही. १६७४ च्या राज्याभिषेकात 'सचिव' हे नाव मिळाले सुरनीसाला, म्हणजे सरकारी कागदपत्रे तपासणाऱ्याला. चिटणीस वेगळा. बाळाजी आवजी चिटणीस अष्टप्रधानांत नव्हते, तरी महाराजांची पत्रे त्यांच्या हातून जात. सुरनीसाचे नाव चिटणीसाला चिकटवणे ही शुद्धी नव्हे, घोटाळा आहे.

राहिला मूळ प्रश्न. जिनपिंग सरचिटणीस झाले नोव्हेंबर २०१२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष मार्च २०१३ मध्ये. राष्ट्राध्यक्षपदाला दोन मुदतींची मर्यादा होती, ती २०१८ मध्ये राज्यघटना बदलून काढावी लागली. सरचिटणीसपदाला पक्षघटनेत तशी मर्यादा नव्हतीच. तेव्हा नावाआधी एकच पद लिहायला जागा असेल, तर 'सरचिटणीस' लिहा. आणि एकच शब्द, मध्ये जागा न सोडता.