वाचकांचे प्रश्न : एका टॅरँटुलाला किती किडे लागतात?

प्रश्न : ताई, माझ्याकडे मेक्सिकन रेड नी जातीची टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, आहे, पाय पसरल्यावर जेमतेम दोन इंच. दुकानातून आणलेले रातकिडे तीन-चार दिवसांत मरतात. मामांची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे, तिथले नाकतोडे चालतील का? की घरीच किडे वाढवू? आई झुरळं घरात येऊ द्यायला तयार नाही.
— एक विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : बागेतले नाकतोडे अजिबात देऊ नकोस. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की डाऊनी, भुरी हे बुरशीचे रोग आणि थ्रिप्स ही बारीक कीड यांच्यासाठी बागेत एकामागून एक फवारण्या सुरू होतात, आणि बांधावरचं गवतही त्या फवाऱ्यातून सुटत नाही. त्यातही हाताला सहज सापडतो तो बहुधा औषधानं सुस्तावलेला नाकतोडा. टॅरँटुला भक्ष्याला पाचक रसानं विरघळवून शोषून घेते, म्हणजे नाकतोड्याच्या पोटात जे असेल ते तिच्या पोटात जाणार. कीटकांच्या मज्जासंस्थेवर घाव घालणारी औषधं कोळ्यांनाही मारतात. घरातल्या झुरळांनाही हेच लागू, कारण कुणाच्या ओट्याखालचं झुरळं मारायचं जेल खाऊन ती आली हे कळत नाही. तिच्या खोलीत डास पळवणारं लिक्विड मशीन लावू नकोस आणि गल्लीत धूरफवारणी आली की खिडक्या बंद कर.

आता किडे कोणते? तुझ्या टॅरँटुलाला आठवड्याला एखादा लहान किडा पुरतो. रातकिड्यांची मादी ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) शेकड्यांनी अंडी घालते. एवढी पिल्लं सांभाळायची, त्यांना ऊब द्यायची, नरांची किरकिर ऐकायची, हे एका कोळ्यासाठी कशाला? माझ्या मते तू मीलवर्म, म्हणजे कोंड्यात वाढणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या, वाढव. आवाज नाही, वास जवळजवळ नाही, आणि आईलाही ते झुरळांपेक्षा सुसह्य वाटतील.

गुळगुळीत भिंतींचा प्लॅस्टिकचा डबा घे, झाकणाला बारीक जाळी बसव. पिठाच्या गिरणीतून गव्हाचा कोंडा आण आणि दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेव, म्हणजे त्यातल्या दुसऱ्या किडी मरतात. डब्यात चार-पाच सेंटिमीटर थर पुरे. पाण्यासाठी सोललेल्या गाजराची किंवा बटाट्याची चकती ठेव, बुरशी धरण्याआधी बदल. वाटीत पाणी ठेवलं की कोंडा ओला होऊन सगळा डबा नासतो. अळ्या मोठ्या झाल्या की पांढरे कोष होतात. ते वेळच्या वेळी वेगळ्या डब्यात काढ, नाहीतर अळ्या आणि भुंगेरे ते कुरतडून खातात. कोषातून भुंगेरे निघतात, आधी फिकट, मग तपकिरी, शेवटी काळे. त्यांना ताज्या कोंड्यात सोडलं की ते अंडी घालतात. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे तो कोंडा चाळून फेकायची घाई करू नकोस, काही आठवड्यांनी तो हलताना दिसेल. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ मंदावते, तेव्हा डबा घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेव. हे साठवणीच्या धान्यातले किडे आहेत, म्हणून डबा कोठीच्या खोलीत मात्र नको.

मीलवर्म मातीत घुसून बसतो, म्हणून देताना चिमट्यानं त्याचं डोकं चेपून दे. किडा तिच्या पोटाच्या गोळ्यापेक्षा मोठा नको, मोठा असेल तर तुकडा कर. मीलवर्ममध्ये चरबी जास्त असते, तेव्हा अधूनमधून दुकानातला रातकिडा दे. रातकिडे गर्दीनं, ओलीनं आणि तहानेनं मरतात. त्यांना अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावलेल्या, हवा खेळणाऱ्या मोठ्या डब्यात ठेव, कोंडा आणि गाजर दे. सरड्यांच्या खाण्यावर भुरभुरतात ती कॅल्शियमची पूड तुला घ्यायची गरज नाही. कोळ्याला हाडं नसतात, त्याचं कवच कायटिन आणि प्रथिनांचं असतं. तो खर्च चांगल्या गाजरावर कर, किड्याला जे खाऊ घालशील तेच तिला मिळतं.

एक महत्त्वाचं राहिलं. तुझी मेक्सिकन रेड नी ही प्रजाती साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर करावी लागते. विकणाऱ्याकडून कागद घेतले नसशील तर आधी ते माग.

प्रश्न : माझी टॅरँटुला महिनाभर काही खात नाही. टाकलेला रातकिडा आतच फिरतोय. आजारी असेल का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : रातकिडा आजच बाहेर काढा. पोट फुगलेलं, काळपट आणि चकचकीत दिसत असेल तर ती कात टाकण्याच्या तयारीत आहे, आणि तेव्हा महिना-दोन महिनेही खात नाही. कात टाकताना ती पाठीवर उलटी पडते, अंग मऊ असतं, आणि भुकेला रातकिडा तिला कुरतडू शकतो. उलटी पडलेली दिसली तर हात लावू नका, मेली समजून टाकून देणं तर दूरच. पोट मात्र बारीक आणि सुरकुतलेलं असेल तर प्रश्न पाण्याचा असू शकतो. उथळ वाटीत ताजं पाणी नेहमी हवं. निफाडची थंडी लक्षात घेता खोली फार गार होत नाही ना, तेही बघा, कारण गारठ्यातही भूक मंदावते. कात टाकल्यावर तिचे विषदंत आधी पांढरे असतात, मग लालसर होतात. ते पूर्ण काळे झाल्यावरच खायला द्या, मोठ्या टॅरँटुलाला त्यासाठी दहा-पंधरा दिवस लागतात. पहिला किडा लहान आणि डोकं चेपलेला द्या.