दुकानात सहाच माणसं असली तरी कायदा लागू होतो

तुम्ही लिहिलंय की धाकटी बहीण बेळगावच्या बाजारात एका कापड दुकानात कामाला आहे, नोकर मिळून सहा, आणि त्रास देतोय तो खुद्द मालक. नेमणुकीचं पत्र नाही, तिला कन्नड लिहिता येत नाही, आणि लोक सांगतात की कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा कंपनीवाल्यांसाठी. दादा, लोकांचं हे म्हणणं साफ चुकीचं आहे आणि त्यापायी कित्येक मुली गप्प बसतात. मी एका कारखान्यात अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य आहे, तिथल्या अनुभवावरून सांगते.

हा कायदा आला तोच मुळी गावात काम करणाऱ्या एका बाईमुळे. राजस्थानातल्या भंवरीदेवी सरकारी योजनेत बालविवाह रोखायचं काम करत होत्या, त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यातूनच १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तुमच्या बहिणीला दोन्ही कारणं लागू आहेत. पत्र नसलं, रोजंदारी असली, तरी ती कायद्याने कर्मचारीच.

ही समिती कुठे आहे ते डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात किंवा महिला आणि बालकल्याण खात्याच्या जिल्हा कार्यालयात विचारा. तालुक्यालाही तक्रार घेणारा अधिकारी नेमलेला असायला हवा, आणि त्याने सात दिवसांत ती समितीकडे पाठवायची असते. "अशी समितीच नाही" असं कोणी सांगितलं तर ते लेखी मागा. गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात या समित्या नेमायला बजावलेलं आहे.

आता भाषेचं. तक्रार मराठीतच लिहा. राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडता येतं. कन्नड येणाऱ्या कुणाला तरी शोधण्यात महिना घालवू नका. सोबत कन्नड प्रत जोडता आली तर काम लवकर होतं, पण तिच्यासाठी थांबू नका. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं ही समितीचीच जबाबदारी आहे.

लिहिताना "मालक माझ्याशी वाईट वागतो" एवढ्यावर थांबू नका. "शनिवारी संध्याकाळी स्टॉक मोजायला माडीवर बोलावलं, गठ्ठे उतरवताना मागून हात धरला, मी ओरडल्यावर सोडला, खाली अमकी बाई काउंटरवर होती" असं लिहा. तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, कितीही लाज वाटली तरी. रात्रीचे मेसेज असतील तर पुसू नका, स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या फोनवर ठेवा. तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या असतात. आपली एक वेगळी ठेवा आणि तिच्यावर तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका.

आपल्याकडे असं काही झालं की आधी गल्लीतले पंच बसतात. बसू देत, पण कायद्याचे तीन महिने त्यांच्यासाठी थांबत नाहीत. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार जायला हवी. सबळ कारण असेल तरच समिती आणखी तीन महिने देते. समेट व्हायचा तर तो बहिणीने स्वतः मागितला तरच, आणि पैसे घेऊन मिटवणं कायद्याला मान्य नाही. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते आणि तोवर समिती तिला तीन महिन्यांपर्यंत रजा द्यायची शिफारस करू शकते. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. मालक हीच भीती आधी घालेल, म्हणून सांगून ठेवते.

पोलिसांचा रस्ता वेगळा आहे, दोन्ही एकदम चालतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. नको तिथे हात लावणं कलम ७४ किंवा ७५, पाठलाग ७८, शेरेबाजी आणि हावभाव ७९. जबाब बाई अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. एफआयआर कन्नडात लिहिला जाईल. तो मराठीत समजावून सांगितल्याशिवाय सही करू नका. प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतला नाही तर शहरात पोलीस आयुक्त, बाहेर जिल्हा पोलीस अधीक्षक यांना पोस्टाने लेखी पाठवा.

चंदगडहून येणाऱ्या बशीत भाचीला त्रास झाला, राज्याच्या सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे की पलीकडे कळेना, म्हणून पोलिसांनी हद्दीवरून परत पाठवलं, असंही तुम्ही लिहिलंय. हद्दीचं कारण चालत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली तक्रार, कुठल्याही ठाण्यात नोंदवावा लागतो, मग तो महाराष्ट्रात पाठवायचा की नाही ते पोलीस बघतील. भाची अठराच्या आतली असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा लागू होऊ शकतो. त्यात मुलीला समजत नसलेल्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी द्यावाच लागतो. शाळेला कळलं आणि शाळेने दडपलं तर तोही गुन्हा. मदतीचे फोन: मुलांसाठी १०९८, तातडीला ११२.

वकिलाच्या खर्चाने अडू नका. बाईला आणि मुलाला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, फोन १५१००.

शेवटची घटना कोणत्या तारखेची, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहिणीला विचारून आजच कळवा, म्हणजे अर्जात उशिराचं कारण लिहायला लागतं का ते सांगते.