कॅसिनोच्या आधी पेट्रोल पंप

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. अमेरिकेत नेवाडा आणि युटा राज्यांच्या सीमेवरच्या वेंडोव्हरमधल्या कॅसिनोंवर तू लिहिणार असलेल्या लेखाचा आराखडा वाचला. तू 1931 पासून सुरुवात केली आहेस, ती बदल. त्या वर्षी 19 मार्चला नेवाडाने जुगार कायदेशीर केला हे खरं, पण कायदा अख्ख्या राज्याला लागू होता. मग मिठाच्या ओसाड मैदानाच्या कडेला, याच ठिकाणी कॅसिनो का? त्याचं उत्तर 1931 च्या आधी सापडतं.

पाण्यापासून सुरू कर. वेस्टर्न पॅसिफिक रेल्वेने इंजिनांसाठी पायलट पीक या डोंगराच्या झऱ्यांचं पाणी नळाने इथवर आणलं आणि वस्ती झाली. मिठाच्या मैदानातून मोटाररस्ता 1925 मध्ये खुला झाला. पुढच्याच वर्षी बिल स्मिथने राज्यसीमेवर पेट्रोल पंप टाकला आणि लांबून गाड्यांना दिसावा म्हणून उंच खांबावर दिवा लावला. जुगाराला परवानगी मिळाली तेव्हा थकलेला प्रवासी त्याच्या दारात आधीच थांबत होता.

आता सीमेकडे ये. युटाच्या संविधानातच जुगाराला बंदी आहे, लॉटरीसुद्धा नाही. सॉल्ट लेक सिटी तिथून साधारण 190 किलोमीटर. म्हणजे धंदा नेवाडात आणि गिऱ्हाईक युटात. मराठी वाचकाला हे पटकन कळेल: आपल्या महाराष्ट्राचा 1976 चा कॅसिनो कायदा अंमलात न येताच 2023 मध्ये रद्द झाला आणि मांडवीतली कॅसिनोची जहाजं मात्र शेजारच्याच गोव्यात आहेत.

कागद शोधताना बहुतेकांची चूक एकच होते: सगळं राज्याच्या दप्तरात असेल असं धरून चालतात. 1945 पर्यंत जुगाराचे परवाने काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) देत असे, म्हणून ते एल्को काउंटीच्या दप्तरात शोध. त्यानंतर परवाने राज्य देऊ लागलं आणि जुगारावर देखरेख करणारं राज्याचं गेमिंग कंट्रोल बोर्ड तर 1955 चं. सीमेच्या नेवाडाकडच्या गावाला, म्हणजे वेस्ट वेंडोव्हरला, शहराचा दर्जा 1991 मध्ये मिळाला, त्यामुळे त्याआधीचं नगरपालिकेचं इतिवृत्त मागू नकोस, काउंटी आयुक्तांचं माग. कामगारांची घरं युटाच्या बाजूलाही, म्हणून तिथल्या टुइला (Tooele) काउंटीची दप्तरंही लागतीलच. वेळा नोंदवताना जप. नेवाडाचा बहुतेक भाग पॅसिफिक वेळेवर चालतो, हे गाव मात्र युटाच्या माउंटन वेळेवर.

फोटोंची तारीख ठरवायला ‘वेंडोव्हर विल’ हा निऑनचा काउबॉय कामी येईल. तो 1952 मध्ये उभा राहिला. फोटोत तो दिसत असेल तर फोटो त्याआधीचा असूच शकत नाही, खाली काहीही छापलेलं असो.

आकड्यांवर सगळ्यात जास्त वेळ घाल, कारण तिथेच लेख फसतात. बोर्डाच्या मासिक अहवालात एल्को काउंटीखाली वेंडोव्हरची वेगळी नोंद असते. तिथला ‘विन’ म्हणजे लोकांनी लावलेले पैसे नव्हेत आणि कॅसिनोचा नफाही नव्हे. जिंकणाऱ्यांना देऊन जे उरलं ते ‘विन’. पगार, वीज, कर त्यातूनच जातात. रूलेटचं, म्हणजे फिरत्या चाकावरच्या जुगाराचं, उदाहरण घे. चाकावर 38 घरं, त्यात दोन शून्यं, म्हणून कॅसिनोचा वाटा दर पैजेमागे 5.26 टक्के. एकाने 100 डॉलरच्या चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) घेतल्या आणि 10 डॉलरच्या 40 पैजा लावल्या. एकूण पैजा 400 डॉलर झाल्या, सरासरी तोटा 21 डॉलर. चिप्सच्या रकमेशी ताडलं तर हा 21 टक्के दिसतो. तेच पैसे फिरून फिरून पैजेवर लागतात म्हणून हा फरक पडतो. हे न कळल्याने 21 टक्क्यांचा आकडा पाहून लोक चाकातच लबाडी आहे असं लिहून मोकळे होतात.

दोन महिन्यांची तुलना करण्याआधी शनिवार मोज, पाच शनिवारांचा महिना उगाच फुगलेला दिसतो. 2020 मध्ये 18 मार्च ते 3 जून राज्यभर कॅसिनो बंद होते, तो खड्डा मंदी म्हणून रंगवू नकोस.

एक प्रकरण तुझ्या आराखड्यात नाहीच. दोन्ही गावं एकत्र करून नेवाडात घालावीत का, यावर 2002 मध्ये मतदान झालं. युटाच्या वेंडोव्हरने हो म्हटलं, वेस्ट वेंडोव्हरने नाही. कारण कुणाला विचारण्याआधी दोन्ही गावांची त्या वर्षांची अंदाजपत्रकं शेजारी ठेवून कराचं उत्पन्न बघ. तो भाग लिहून झाला की पाठव.

तुझा,
शुभचिंतक