चैत्राच्या उन्हात फुलपाखरे आणि चतुर : वाचकांचे प्रश्न

मार्चअखेर मुलांना फुलपाखरे दाखवायची आहेत. कोल्हापुरात कुठे, किती वाजता जावे?

फुलपाखरांचा भराचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर. मार्चमध्ये माळ वाळलेला असतो, म्हणून ओल शोधा: कळंबा तलावाचा काठ, उसाच्या पाटाकडेच्या पाणंदी. वेळ सकाळी साडेआठ ते अकरा. अंग तापल्याशिवाय फुलपाखराला नीट उडता येत नाही, त्यामुळे आधी ते पंख पसरून ऊन खात बसते. मुलांना जवळून दाखवायची हीच वेळ.

दाजीपूरच्या बाजूला गेलात तर ओढ्याकाठची ओली वाळू बघा. तिथे घोळक्याने बसलेली बहुतेक फुलपाखरे नर असतात. ओलीतून ते क्षार शोषून घेतात. तीन-चार मीटरवर खाली बसा. उडालीच तर मागे धावू नका, बरीचशी थोड्या वेळाने त्याच ओलीवर परत उतरतात. अभयारण्यात जाळी नेऊ नका.

केशरी रंगाचे, पंखांच्या टोकाला काळे-पांढरे असलेले फुलपाखरू बिबळ्या कडवाच असते ना?

नेहमी नाही. छोटा चांदवा या फुलपाखराची मादी हुबेहूब तशीच दिसते. मागच्या पंखाचा मधला भाग बघा. तिथे काळे ठिपके असतील, तर तो बिबळ्या कडवा. मादीला तीन, नराला चार. मधला भाग कोरा असेल, तर छोट्या चांदव्याची मादी.

या नकलेचे मूळ रुईत आहे. शनिवारी मारुतीला वाहतो तीच रुई. बिबळ्या कडव्याची अळी तिची पाने खाते, चिकातले विष अंगात साठवते आणि पक्षी पुढे त्या रंगाच्या वाटेला जात नाहीत. चांदव्याच्या मादीला विष नसूनही त्या रंगाचे संरक्षण मिळते. छोट्या चांदव्याचा नर मात्र काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, अगदी निराळा.

चतुर आणि टाचणी कशी ओळखावी? भर उन्हात चतुर शेपूट वर करून का बसतो?

बसल्यावर चतुराचे पंख विमानासारखे आडवे पसरलेले राहतात, टाचणी ते पाठीवर मिटते. काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात आणि तिथेच फसगत होते. मग डोळे बघा: टाचणीचे दोन्ही डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात, बहुतेक चतुरांचे एकमेकांना टेकलेले.

शेपूट म्हणतो ते त्याचे पोट. डोक्यावर ऊन आले की तो पोटाचे टोक सूर्याकडे रोखतो, म्हणजे अंगावर कमीत कमी ऊन पडते. त्याची सावली बघा, जेमतेम ठिपक्याएवढी उरते.

फोटो काढायला गेले की उडून जाते.

तुमची सावली त्याच्यावर पडत असेल. सूर्य पाठीशी नको, बाजूला ठेवा. चतुर बहुधा त्याच काडीवर परत येतो, तेव्हा कॅमेरा काडीवर रोखून थांबा. शटरचा वेग बसलेल्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरे, उडत्याला हजारावा तरी हवा.

गच्चीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी आहे. औषध मारू का?

मारू नका. ती बहुधा बहुरूपी फुलपाखराची आहे. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवी होते. डिवचल्यावर डोक्यामागून लालसर दुभंगलेले शिंग काढते आणि उग्र वास सोडते. झाड लहान असेल, तर अळ्या दोन-तीनच ठेवा, बाकीच्या पानासकट लिंबाच्या झाडावर सोडा. कुंडीत एक वाळकी काटकी रोवून ठेवा, कोषासाठी तिला आधार लागतो.