पाणथळ जागांचं शिक्षण घेऊन पुढे काय?

प्रश्न: मुलगी बेळगावात सेकंड पीयूसीला (बारावीला) आहे, पीसीएमबी म्हणजे भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आमचं शिवार बळ्ळारी नाल्याला लागून, दर पावसाळ्यात भातात पाणी तुंबतं. तिला तळी आणि पाणथळ जागांवरच काम करायचंय, म्हणून बी.एस्सी. पर्यावरणशास्त्र घेणार म्हणते. यात नोकरी मिळते का, की नुसतं पक्षी बघत हिंडायचं? – एक आई, बेळगाव तालुका

ताई, नमस्कार.

नोकरी मिळते. पण 'पाणथळतज्ज्ञ पाहिजे' अशी जाहिरात क्वचितच दिसेल. माणूस घेतात तो माती, पाणी, वनस्पती किंवा नकाशे यांपैकी एका कामात हात बसलेला. म्हणून पदवीला मुख्य विषय पर्यावरणशास्त्र घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र किंवा पशुवैद्यक यांपैकी एक तरी विषय लागतो, नाहीतर पदवीच शेती, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची लागते. पर्यावरणशास्त्र या यादीत नाही. ही चूक तिसऱ्या वर्षानंतर कळते आणि तेव्हा इलाज नसतो.

तिने बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र घ्यावं. गणित झेपत असेल तर सिव्हिल इंजिनिअरिंग करून पुढे जलविज्ञानाकडे वळता येतं. आणखी एक चांगली वाट म्हणजे शिरसीच्या वनशास्त्र महाविद्यालयाची चार वर्षांची पदवी. तिथला प्रवेश सीईटीतून होतो आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, त्याची कागदपत्रं आत्ताच जुळवायला घ्या. पर्यावरणशास्त्र एम.एस्सी.ला घेता येईल, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ते आहे.

आता काम नेमकं काय असतं ते सांगते, म्हणजे 'पक्षी बघणं' हा गैरसमज जाईल. एखादी जागा पाणथळ आहे का, हे तीन खुणांवरून ठरतं: पाणी किती दिवस टिकतं, माती कशी झाली आहे आणि तिथं कोणती झाडं तगतात. लव्हाळा आणि पाणकणीस दिसलं की अंदाज येतो, पण खरी साक्ष माती देते. अर्धा मीटर खोल खड्डा घ्यायचा आणि एका बाजूची माती फावड्याने उभी, साफ कापायची. महिनोन् महिने पाण्याखाली असलेल्या मातीत हवा नसते. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी लोहावर काम भागवतात, लोह विरघळून निघून जातं आणि माती राखी पडते. मुळांच्या कडेने थोडी हवा उतरते तेवढ्याच जागी लोह पुन्हा गंजतं आणि नारिंगी रेघा उमटतात. हा रंग मुन्सेलच्या, म्हणजे मातीच्या रंगांचे नमुने असलेल्या, रंगपुस्तिकेशी ताडायचा असतो, माती ओली करून, उघड्या उन्हात आणि गॉगल काढून. ढगाळ संध्याकाळी घेतलेली नोंद रद्दच समजा.

आपल्या जिल्ह्यात ही खूण दगा देते, आणि ते समजणाऱ्यालाच इथं किंमत आहे. सौंदत्ती, बैलहोंगलकडच्या काळ्या मातीत मुळातच इतका काळेपणा असतो की गंजाच्या रेघा दिसत नाहीत. खानापूरच्या तांबड्या मातीत लोह इतकं भरलेलं असतं की राखी रंग यायला फार वेळ लागतो. उलट भातशेतीत चिखलणीमुळे वरचा थर राखी होतो, खाली कोरडी माती असली तरी. तेव्हा निदान एक पावसाळा पाण्याची पातळी मोजावीच लागते. त्यासाठी पीव्हीसी पाइपला खालच्या भागात बारीक चिरा पाडून तो जमिनीत उभा करतात, भोवती वाळू भरतात आणि वरच्या बाजूला पाइपभोवतीची जागा बेन्टोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या मातीने बंद करतात. ते बंद केलं नाही तर पावसाचं पाणी पाइपच्या कडेने थेट खाली उतरतं आणि पातळी खोटी दिसते. नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथं होते.

तुमचं शेत चिबड, म्हणजे पाणी तुंबणारं, असलं तरी कायद्याने ते पाणथळ जागा ठरत नाही. केंद्र सरकारच्या पाणथळ जागांविषयीच्या २०१७च्या नियमांतून भातखाचरं, नदीपात्रं आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. देशभराच्या उपग्रह नकाशांत २.२५ हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण साडेपाच एकरांपेक्षा मोठ्या जागाच स्वतंत्र दाखवल्या आहेत. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर तेवढी जागा जेमतेम ३ मिलिमीटरचा चौकोन होते. गावचं तळं त्याहून लहान असेल तर ते पायाने फिरूनच मोजावं लागतं. हद्द बघायची ती जमिनीच्या उताऱ्यावर आणि मोजणीच्या नकाशावर, आणि ते कन्नडमध्ये असतात. तळी, नाले यांची जमीन बहुधा 'ब खराब' (लागवडीत न धरलेली सार्वजनिक जमीन) म्हणून नोंदलेली असते. कन्नड वाचता येतं पण सरकारी कन्नड कळत नाही, असं आपल्या मुलांचं होतं. राज्य सरकारच्या नोकरीलाही कन्नडचा पेपर येतोच. तिला रोज असा एक उतारा वाचायला लावा, भाषेच्या वादाचा विषय सोडून द्या.

पगाराचं खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं प्रकल्पावरची नोकरी असते, प्रकल्प संपला की नवा शोधायचा. नेट उत्तीर्ण होऊन संशोधन फेलोशिप मिळाली तर २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. पर्यावरण परिणाम अहवाल करणाऱ्या कंपन्या, प्रदूषण नियंत्रण मंडळ, वन खातं, संशोधन संस्था, इथं जागा निघतात. पक्ष्यांचे फोटो कुणी विचारत नाही, नोंदवही विचारतात.

ती नोंदवही तिने आत्ताच नाल्यावर सुरू करावी. काठावरच्या एखाद्या पक्क्या दगडावर किंवा पुलाच्या खांबावर सेंटिमीटरच्या रेघा मारा. जूनपासून रोज सकाळी त्याच वेळी पातळी, पाऊस, पाण्याचा रंग आणि जलपर्णी कुठवर आली ते लिहायचं. जलपर्णी काढून काठावरच टाकली जाते का, हेही नोंदवावं, कारण पुढच्या पावसात ती पुन्हा पात्रात येते. सांडपाणी येतच राहिलं तर ती उगवणारच, हे तिला महिनाभरात कळेल. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तेव्हा धुपदाळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्याला एक फेरी घालावी. तिथं हिवाळ्यात कांड्या करकोचे येतात.

नाल्यात उतरताना सोबत कुणीतरी असावंच. हातात काठी, आधी काठीने गाळ चाचपायचा, मग पाय. गमबूट खोल गाळात अडकून बसतात, नाडीचे कॅनव्हास बूट बरे. पायाला जखम असेल त्या दिवशी नाल्यात उतरायचं नाही, लेप्टोस्पायरोसिसचे (प्राण्यांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या आजाराचे) जंतू त्यातून शिरतात.