वर्गणी मागण्याआधी

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या हिंदी पेपरची वेबसाइट आणि ॲप आता पैसे भरणाऱ्यांनाच पूर्ण वाचता येणार, त्याची आखणी तुझ्याकडे आली आहे, आणि ऑफिसातली जुनी मंडळी म्हणतात की इंदूरमध्ये मोबाइलवरच्या बातमीला कोणी दमडी देणार नाही. तू माझं मत विचारलंस. लोक पैसे देतील. पण आज तुमच्या ॲपवर जे आहे त्याला देणार नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

मी तुमचं ॲप बारकाईने पाहिलं. क्रिकेट, नटनट्यांची लग्नं, दिल्लीहून आलेल्या एजन्सीच्या बातम्या, कुठल्या तरी गावातल्या मारामारीचा व्हिडिओ. हे सगळं लोकांना चार ठिकाणी फुकट मिळतं, तेही तुमच्या आधी. इंदूरचं म्हणून जे होतं, त्यातल्या बऱ्याच बातम्या पोलिसांच्या आणि निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, प्रेसनोटवरून उतरवलेल्या. राजेंद्र नगरात राहणाऱ्याला आपल्या वॉर्डात रस्ता का खोदलाय ते त्यात सापडत नाही. मग तो कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतो आणि मिळेल त्या अर्धवट उत्तरावर समाधान मानतो. पेमेंटचं पान नंतर बनव. आधी संपादकांकडून दोन बातमीदार मागून घे.

मी नोकरी वितरण विभागात केली, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. छापील अंकाची किंमत आपण कधी खर्चावरून ठरवलीच नाही. कागद, छपाई, गाडी, एजंट आणि हॉकरचं कमिशन धरलं तर वाचकाच्या पैशातून अंकाचा खर्चसुद्धा निघत नाही. बाकीचं जाहिरातींनी भागवलं. पुढे जाहिरात मोबाइलवर गेली आणि तिचा मोठा वाटा गूगल-फेसबुककडे गेला. आता उलट्या बाजूने मांडून बघ. वर्षाची वर्गणी ६०० रुपये ठेवलीस तर त्यातून १८ टक्के जीएसटी जातो. छापील पेपरवर तो नाही, डिजिटलवर आहे, आणि हा मला उघड अन्याय वाटतो. पेमेंट गेटवेचा वाटा गेल्यावर हातात पाचशेच्या आसपास उरतात. वर्गणी ॲपमधून गूगलच्या बिलिंगने घेतलीस तर आणखी १५ टक्के त्यांचे, तेव्हा लोकांना वेबसाइटवर आणून यूपीआयने भरायला लाव. एका बातमीदाराचा पगार, पेट्रोल आणि फोन मिळून महिन्याला ३५,००० धर. वर्षाचे ४,२०,००० झाले. म्हणजे साधारण साडेआठशे वाचक मिळून एक बातमीदार उभा करतात.

हा आकडा मला फार मोलाचा वाटतो, कारण तो आवाक्यातला आहे. राजेंद्र नगर, सुदामा नगर, रामबाग, तिलक नगर एवढ्याच भागांत साडेआठशे घरं मिळणार नाहीत, असं मला कोणी पटवून द्यावं. आपलीच मराठी माणसं ‘सानंद’ या मराठी सांस्कृतिक संस्थेचं वर्षाचं सभासदत्व घेतात की नाही? तिथल्या एका सभासद गटाला तर ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते यांचंच नाव आहे. मीटिंगमध्ये लाखाचे आकडे फेकले जातील तेव्हा तू ‘साडेआठशे घरं, एक बातमीदार’ एवढंच सांगत राहा. वाचकालाही तेच सांग, आणि त्या बातमीदाराचं नाव सांग.

आता मीटरबद्दल. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये महिन्याला २० लेख फुकट आणि पुढे पैसे अशी पद्धत आणली, तिचं नाव अजून सगळीकडे घेतात, तुमच्याकडेही कोणी घेईल. रोज डझनभर लेख वाचणारा वाचक असेल तर ती पद्धत चालते. गावच्या पेपरचा वाचक महिन्यातून चार-पाच वेळा येतो, नेमक्या कामाच्या बातमीसाठी. तो त्या मर्यादेपर्यंत कधी पोचतच नाही. आणि मर्यादा तीनवर आणलीस तर ज्या दिवशी त्याला खरी गरज आहे त्याच दिवशी त्याला अडवशील. तुम्ही मोजत बसू नका, बातमी बघून ठरवा.

लाँग आयलंडच्या ‘न्यूजडे’चं उदाहरण तुझ्या तोंडावर फेकलं जाईल. त्यांनी २००९ च्या अखेरीस साइटला पैसे लावले आणि पहिल्या तीन महिन्यांत फक्त ३५ लोकांनी ते भरले. गोष्ट खरी आहे. पण पेपर घरी घेणाऱ्यांना आणि मालक कंपनीच्या केबल-इंटरनेटच्या ग्राहकांना साइट फुकटच होती. त्या भागातली बहुतेक घरं त्यातच आली, मग वेगळे पैसे भरायला उरलं कोण? त्यापेक्षा लिटल रॉकच्या ‘आर्कान्सा डेमोक्रॅट-गॅझेट’चं पूर्ण वाच. जग फुकट वाटत होतं तेव्हा, २००२ च्या सुमारास, त्यांनी पैसे लावले. पुढे २०१९ मध्ये रोजचा छापील अंक थांबवून रविवारचा तेवढा ठेवला आणि वर्गणीदारांना आयपॅड दिले. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे की त्यांची माणसं वाचकांसमोर बसली आणि बोट धरून शिकवलं. आयपॅड वाटणं तुम्हाला परवडणार नाही, पण राजेंद्र नगरात एखाद्या रविवारी सकाळी हॉल घेऊन आजी-आजोबांना ॲप लावून देणं नक्की जमेल. नॉर्वेत ऑनलाइन बातमीला पैसे देणारे शंभरात चाळीसच्या आसपास आहेत, आणि त्यात छोट्या गावांच्या पेपरांचा वाटा मोठा आहे. तिथे घरोघरी गावच्या पेपरची वर्गणी भरायची जुनी सवय होती. तशी सवय आपल्याकडेही आहे, हॉकर महिन्याच्या सुरुवातीला बिल घेऊन येतोच ना.

आता कुठली बातमी सगळ्यांसाठी उघडी ठेवायची, ते सांगतो. यावर मी तडजोड करणार नाही आणि तूही करू नकोस.

पाणी कधी येणार, नर्मदेची लाइन कुठे फुटली, कुठल्या भागात साथ आहे, रस्ता कुठे बंद, मतदान केंद्र कुठलं, हे सगळं उघडं. आणि शोकसंदेश आणि उठावना, म्हणजे शोकसभेच्या सूचना, उघड्या. कोणीतरी तुला सांगेल की आपल्याकडे सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान तेच, तेव्हा तिथेच पैसे लावा. खरंच ते सगळ्यात जास्त वाचलं जातं. पुण्या-बंगळुरूत गेलेली मुलं, अमेरिकेतले भाचे, सगळे आधी तेच उघडतात. पण त्या चार ओळींचे पैसे त्या घराने आधीच भरलेले असतात, आणि ते कशासाठी? कोणाला कळायचं राहू नये म्हणून. त्यांच्याकडून पैसे घेऊन तीच ओळ पुन्हा झाकून ठेवायची, आणि मिलमध्ये सोबत काम केलेला म्हातारा सोबती वेळेवर पोचायचा नाही? असं करून मिळालेला रुपया पेपरला पचणार नाही.

पैसे घे जमिनीच्या बातमीचे. कुठली कॉलनी वैध, कुठली अवैध, मास्टर प्लॅनमध्ये कुठला रस्ता किती रुंद, कुठल्या गृहनिर्माण संस्थेचे प्लॉट कोर्टात अडकलेत, मेट्रो कुठून जाणार. चाळीस लाखांचा प्लॉट बघणारा माणूस अशा माहितीला वर्षाचे सहाशे आनंदाने देईल. तसंच शाळांची फी, हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाचे निकाल सोप्या भाषेत, वॉर्डावॉर्डाची निविदा आणि तिचा ठेकेदार. जुन्या अंकांचं संग्रहालय. नोकरीधंद्याला उपयोगी पडणारं जेवढं आहे तेवढं वर्गणीत टाक.

मग पैसे न लावलेल्या बातमीचा खर्च कोण करणार? तोच वर्गणीदार, आणि हे त्याच्यापासून लपवू नकोस. ३० मार्च २०२३ ला रामनवमीच्या दिवशी बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचा, म्हणजे जुन्या विहिरीवरचा, स्लॅब खचला आणि ३६ माणसं गेली. त्या दिवशी देशभरची चॅनेलं स्नेहनगरात आली. पण रहिवाशांनी मंदिरातल्या बांधकामाची तक्रार त्याआधीच केली होती, निगमची नोटीसही निघाली होती. अशी नोटीस निघते त्या दिवशी ती बातमी वाचणारे मोजकेच असतात आणि तिच्यावर जाहिरात मिळत नाही. तरी कोणीतरी निगमच्या झोन ऑफिसात रोज जाऊन बसायला हवं, नोटिशीचं पुढे काय झालं ते दर महिन्याला विचारायला हवं. हुकुमचंद मिलच्या सुमारे ४,८०० कामगारांची सुमारे २२४ कोटींची देणी २५ डिसेंबर २०२३ ला मार्गी लागली, मिल बंद पडून तीस वर्षं उलटल्यावर. एवढी वर्षं कोर्टाच्या तारखा आणि जमिनीचा वाद याच शहराच्या पेपरांनी छापत ठेवला. क्लिक मोजून काम केलं असतं तर ती बातमी दुसऱ्या वर्षीच बंद झाली असती. अशा कामासाठीच तू वर्गणी मागते आहेस, आणि हे काम ज्यांच्यासाठी आहे त्यातले कित्येक जण वर्गणी भरू शकणार नाहीत.

इथे एक धोका आहे. पैसे विजय नगर आणि निपानियासारख्या सुखवस्तू भागांतून येतील आणि हळूहळू बातमीही तिथलीच होईल. बाणगंगा, आझाद नगर, मालवा मिलच्या मागच्या वस्त्या पानावरून नाहीशा होतील, कोणी ठरवून काढणार नाही, पण होतील. दर महिन्याला नकाशा घेऊन बस आणि कुठल्या भागातून एकही बातमी आली नाही ते संपादकांसमोर ठेव.

पेपरची पीडीएफ फुकट फिरेल याची चिंता फार करू नकोस. लॉकडाऊनमध्ये ई-पेपर ग्रुपांवर फिरायला लागले, तेव्हा ‘दैनिक जागरण’वाले कोर्टात गेले आणि मे २०२० मध्ये दिल्ली हायकोर्टाने टेलिग्रामला तसे चॅनेल काढायला लावले. कायदा तुमच्या बाजूने आहे. पण घरात नवऱ्याने भरलेल्या वर्गणीवर बायको आणि सासू वाचत असतील तर वाचू दे.

वर्गणी बंद करायचं बटण भरण्याच्या बटणाच्या शेजारीच असू दे. ऑटोपेची, म्हणजे खात्यातून वर्गणी आपोआप कापली जाण्याची, आगाऊ सूचना आता बँकेकडून येते, तरी तुम्हीही हिंदीत स्वच्छ संदेश पाठवा. हॉकरला ‘उद्यापासून नको’ म्हटलं की पेपर बंद व्हायचा, आणि तोच माणूस दोन महिन्यांनी पुन्हा सुरू करायचा. वितरणात आम्ही अशा घरांची वेगळी यादी ठेवायचो. तूही ठेव, आणि ती माणसं का गेली ते स्वतः फोन करून विचार.

वर्गणीच्या पानाचा हिंदी मजकूर तयार झाला की मला पाठव, बघून देईन. ‘प्रीमियम’, ‘एक्सक्लुझिव्ह’ वगैरे शब्द त्यात नकोत. कुठला बातमीदार कुठल्या झोनला जातो आणि त्याला कुठल्या नंबरवर गाठायचं, एवढं लिही. त्याआधी येत्या मंगळवारी कलेक्टर ऑफिसातल्या जनसुनवाईला, जिथे लोक आपल्या तक्रारींचे अर्ज घेऊन येतात, दिवसभर बसून ये. तिथे आलेल्या अर्जांपैकी किती गोष्टी तुमच्या पेपरात आल्या होत्या ते मोज, आणि तो आकडा वर्गणीच्या पहिल्या मीटिंगमध्ये मांड.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका